ऋतुविषयक मराठी शब्द व त्यांचे वर्ग

मराठी बाडांतील वैद्यकाच्या शब्दांची सूची करितांना एक दोष वारंवार दृष्टीस पडतो. स्त्रियांच्या ऋतूसंबंधीं कोणताहि शब्द आला कीं त्यापुढें ‘मासिक पाळी’ किंवा ‘विटाळ’ एवढाच अर्थ लिहून सूचिकार मोकळे होतात. विषय संकोचाचा आहे हें आम्ही जाणतों. परंतु संकोच हें अर्थनिर्णयाचें साधन नव्हे. या शब्दांचे निदान तीन वर्ग आहेत, व ते एकमेकांत मिसळले असतां लेखाचा अर्थच पालटतो, असें आमचें मत आहे.

पहिला वर्ग शास्त्राचा. आर्तव महिनाभर सांचतें, वायु तें बाहेर आणतो, तें बाराव्या वर्षापासून सुरू होऊन पन्नाशीस क्षय पावतें, असें सुश्रुताच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे. शुद्ध आर्तवाचा वर्ण सशाच्या रक्तासारखा किंवा लाखेच्या रसासारखा असावा व वस्त्रावर त्याचा डाग राहूं नये, ही त्याची परीक्षा. हाच स्राव प्रमाणाबाहेर किंवा अकालीं झाला म्हणजे त्यास असृग्दर हें निराळें नांव मिळतें. चरकाच्या चिकित्सास्थानांत योनिव्यापद् वीस गणिल्या आहेत. म्हणजे देहाचा धर्म एक आणि रोग दुसरा, हा भेद शास्त्रानें नांवांतच राखिला आहे. मराठींतहि तो आहे. धुपणी हा शब्द प्रदराचा, म्हणजे रोगाचा आहे. त्यापुढें ‘पाळी’ असा अर्थ दिला कीं रोग नाहींसा होतो, आणि त्याखालीं लिहिलेलें औषध निरोगी बाईस दिलें असा भलताच बोध होतो.

दुसरा वर्ग आचाराचा. विटाळ, विटाळशी, अस्पर्श, बाहेर बसणें हे शब्द शिवाशिवीचे आहेत. प्रकृति बरी कीं वाईट, हें त्यांवरून कळत नाहीं. महानुभाव पोथ्यांच्या अभ्यासकांनीं येथें विशेष जपलें पाहिजे. बीड जिल्ह्यांत गेवराई तालुक्यांतील पांचाळेश्वर हें त्या पंथाचें मोठें तीर्थ आहे, आणि लीळाचरित्र हा त्या पंथाचा आद्य गद्यग्रंथ. नाक, कान, डोळे यांतून जसे मळ येतात तसाच हाहि देहाचा एक स्राव, असें चक्रधरांनीं समजाविल्याचें त्यांत आलें आहे. तेथें प्रश्न आचाराचा आहे आणि उत्तर देहधर्माचें आहे. अशा ठिकाणीं ‘अशौच’ एवढीच टीप देणारा संपादक प्रश्न ठेवितो व उत्तर गाळतो.

तिसरा वर्ग आडपडद्याचा. ‘कावळा शिवणें’ हा त्याचा ठळक मासला. परंतु दहाव्याच्या पिंडासहि कावळाच शिवतो. सुट्या पानावर हे दोन शब्द आढळले तर प्रसंग सुतकाचा कीं ऋतूचा, हें मागचापुढचा मजकूर पाहिल्यावांचून ठरवितां येत नाहीं.

हे वर्ग नेहमींच काटेकोर वेगळे राहतात असें नाहीं. ‘न्हाण येणें’ यांत देहाची घटनाहि आहे आणि सोहळाहि आहे. तरी अशा शब्दाचे दोन्ही अर्थ नोंदावेत. एक टाकूं नये. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ति १८५७) व दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२-३८) यांचें ऋण मोठें आहे. मात्र त्यांची मांडणी अकारविल्हे असल्यामुळें एका विषयाचे शब्द शेजारीं येत नाहींत, व वर्गभेद वाचकाच्या नजरेंतून निसटतो.

हा वाद पोथीपुरता नाहीं. बीड जिल्ह्यांतून दर हंगामास असंख्य जोडपीं उचल घेऊन ऊसतोडीस जातात. दिवस बुडाला तर खाडा भरावा लागतो. तेथील स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढें आल्यावर इ. स. २०१९ मध्यें राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणींतील ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे सुमारें सहांत एक. दारिद्र्य, कष्ट व कर्करोगाची भीति हीं याचीं कारणें सांगितलीं गेलीं. शब्दांमुळें हें घडलें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ‘अंगावर पांढरें जातें’ ही तक्रार आणि ‘पिशवी काढली’ हा शेवट, यांच्यामध्यें रोगाचें नांव असावयास पाहिजे. ‘पिशवी’ हें अवयवाचें नांव आहे, रोगाचें नव्हे. जेथें जुन्या वैद्यकानें वीस नांवें ठेविलीं, तेथें आज ‘पिशवी खराब आहे’ एवढ्यावर भागतें.

म्हणून बाडांचा संग्रह करणारांस आमची सूचना अशी: शब्द जसा लिहिला असेल तसाच उतरावा, तो वैद्याचा, भटजीचा कीं घरांतल्या बाईचा हें लिहावें, आणि त्यापुढें औषध असल्यास तेंहि सोडूं नये. औषधांचीं बाडें किरकोळ समजून रद्दींत टाकण्याची चाल तर तत्काळ बंद व्हावी. जो शब्द आम्ही आज चुकीच्या रकान्यांत घालूं, तो पुढें कोणाच्या तरी दुखण्याचा अर्थ चुकवील.