कानाला दडे बसतात तेव्हा : एका शिकवणुकीचे परीक्षण

उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीवर पोहायला शिकलेल्या वऱ्हाडातील मुलांना एक खेळ हमखास ठाऊक असतो. सूर मारायचा, तळ गाठायचा आणि तळाची माती मुठीत धरून वर यायचे. माती दाखवली की बुडी खरी. अकोल्याजवळच्या एका मळ्यातील विहिरीत मीही हा खेळ खेळलो आहे. पाणी दोन-अडीच पुरुष असे. खाली जाताना कानात कळ यायची, दडे बसायचे. काठावरचे जाणते सांगत, "नाक दाब अन् जोरानं फुक." काहींचे कान त्याने मोकळे होत, काहींचे होत नसत.

एका उन्हाळ्यात आमच्यातील एकाने तळाशी कळ असह्य झाल्यावर असाच जोर लावला. तो वर आला तेव्हा त्याला दिशा कळत नव्हती. विहिरीच्या पायरीचा दगड हाताला लागला म्हणून वाचला. पुढे कित्येक दिवस त्याचा कान वाहत होता. 'दम कमी पडला' असा निकाल आम्ही सर्वांनी दिला. पुढे शाळेत बॉईलचा नियम आला, कानाची आकृतीही आली. पण त्या विहिरीचा आणि या दोन धड्यांचा काही संबंध आहे, हे ना आम्हांला सुचले, ना कोणी सुचवले.

आज श्वास रोखून खोल बुडी घेण्याचा, म्हणजे फ्रीडायव्हिंगचा, छंद आपल्याकडेही परिचयाचा होत आहे. त्याची शिकवणी घेणाऱ्याला पहिली अडचण येते ती कानाचीच. तेथील पुस्तके आमच्या विहिरीवरच्या जाणत्यांपेक्षा पुष्कळ शहाणी आहेत, तरी त्यांचीही सुरुवात बहुधा 'नाक दाबून फुंका' येथूनच होते. या शिकवणुकीत बरोबर काय आणि चूक काय, हे तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

चिखलदऱ्याचा घाट आणि ८० सेंटीमीटर पाणी

आधी पाणी बाजूला ठेवून घाटात जाऊ. परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण ३७० मीटर उंचीवर आहे, चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. या दोन ठिकाणच्या हवेच्या दाबात पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून हा फरक सुमारे ८० सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका झाला. एस.टी.ला घाट उतरायला पाऊण-एक तास लागतो. तेवढ्या वेळात आपण अनेकदा आवंढा गिळतो आणि दडे सुटत जातात. विहिरीत सूर मारणारा मुलगा हाच घाट एका सेकंदात उतरतो.

घाट चढताना आणि उतरताना कानाचा अनुभव मात्र सारखा नसतो. चढताना कान आपोआप 'टक्' करून मोकळे होतात. उतरताना आवंढा गिळावा लागतो, जांभई द्यावी लागते, कडेवरचे मूल रडू लागते. असे का, या एका प्रश्नात आपला सगळा विषय आहे.

पडद्यामागचा मधला कान ही हाडातील हवेची एक लहानशी पोकळी आहे. तिला बाहेरचा एकच रस्ता : नाकाच्या मागे घशात उघडणारी, साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास लांबीची युस्टेशियन नळी. कानाकडील तिचा भाग हाडाचा, पण घशाकडील भाग मऊ आणि एरवी मिटलेला असतो. आतला दाब वाढला तर हवा या मऊ भिंती ढकलून बाहेर पडते. बाहेरचा दाब वाढला तर त्याच भिंती अधिकच दाबल्या जातात. सायकलच्या व्हॉल्व्हवरची रबरी नळी आठवावी. हवेला एका दिशेने वाट, दुसऱ्या दिशेने अडसर. हा अडसर काढण्याचे काम टाळूचे लहान स्नायू करतात. आवंढा गिळताना आणि जांभई देताना ते नळी क्षणभर उघडतात.

या स्नायूंच्या बळाला मर्यादा आहे. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा पाऱ्याच्या सुमारे ६० मिलिमीटरने वाढला की कान दुखू लागतो. फरक ९० मिलिमीटरच्या आसपास गेला की नळी कुलूप लागल्यासारखी बंद होते. आता कितीही गिळा, स्नायूंना ती उघडत नाही. पाण्याच्या भाषेत ९० मिलिमीटर म्हणजे सव्वा मीटरही नाही. पडदा फाटण्याची मर्यादा माणसागणिक बदलते. कोणाचा १०० मिलिमीटरच्या थोडे पुढेच फाटतो, तर कोणाचा ४००-५०० पर्यंत टिकतो. म्हणजे दीड मीटरपासून सहा-सात मीटरपर्यंत. आमच्या विहिरीचा तळ या पट्ट्याच्या मधोमध होता.

'जोरात फुंका' यातील चूक

आता जाणत्यांच्या सल्ल्याकडे वळू. नाक दाबून, तोंड मिटून, छातीच्या जोराने हवा ढकलण्याच्या या कृतीला व्हाल्साल्वाची युक्ती म्हणतात. अंतोनियो मारिया व्हाल्साल्वा हा इटलीतील बोलोन्या येथील शरीरशास्त्रज्ञ. १७०४ साली कानावर लिहिलेल्या ग्रंथात त्याने ही कृती दिली, पण ती मधल्या कानातील पू बाहेर काढण्यासाठी. बुडी घेणारा त्याच्या डोळ्यांपुढे नव्हता.

घाटात बसलेल्या माणसाला ही युक्ती चालते. बेताने आणि वेळेवर केली तर उथळ पाण्यातही चालते. दोष आहे तो 'जोरात' या शब्दात आणि 'दुखल्यावर' या वेळेत. कळ आली याचा अर्थ नळी बंद पडण्याच्या बेतात आहे किंवा पडली आहे. बंद नळीवर जोर लावला तर तो दुसरीकडे जातो. छातीत दाब वाढला की तो शिरांवाटे कवटीतील द्रवापर्यंत आणि तेथून आतल्या कानातील द्रवापर्यंत पोचतो. आतल्या आणि मधल्या कानाच्या भिंतीत एक गोल खिडकी असते, पातळ पडद्याने झाकलेली. आतून वाढलेला दाब आणि मधल्या कानातील कमी दाब यांच्या कात्रीत हा पडदा फाटू शकतो. बाहेरचा पडदा बहुधा काही आठवड्यांत भरून येतो. या खिडकीच्या इजेने येणारा बहिरेपणा मात्र कायमचा ठरू शकतो.

बाहेरचा पडदा फाटल्यावर लगेच काय होते, हेही सांगितले पाहिजे. विहिरीचे गार पाणी मधल्या कानात शिरते. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका जवळच असतात. एकाच बाजूला गारवा लागल्याने त्यांतील द्रव हलू लागतो आणि भोवळ येते. वर कुठे आणि खाली कुठे, हे कळेनासे होते. आमच्या मित्राला झाले ते हेच असावे. त्याचा दम कमी पडला नव्हता, आमची शिकवण कमी पडली होती.

कानात कापसाचे किंवा रबराचे घट्ट बोळे घालण्याचा सल्लाही असाच उफराटा आहे. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवेची आणखी एक कोंडलेली पोकळी तयार होते आणि तिला घशाकडे वाट नसते.

ग्रंथांचे गुण आणि उणिवा

फ्रीडायव्हिंगच्या पुस्तकांचा मोठा गुण असा की 'दुखण्याआधी, लवकर आणि वारंवार' हा नियम ती ठळकपणे सांगतात. शहाणा शिकाऊ पाण्यात शिरण्यापूर्वीच एकदा कान मोकळे करतो आणि पहिल्या दोन-तीन मीटरांत दर हातभर खोलीला पुन्हा करतो. याला बॉईलच्या नियमाचा आधार आहे. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो आणि कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्मे होते. पुढच्या १० मीटरांत ते निम्म्यावरून फक्त एक-तृतीयांशावर येते. सर्वांत मोठा बदल पृष्ठभागाजवळच घडतो. धोका खोलवर आहे ही आपली समजूत कानाच्या बाबतीत चुकीची ठरते. विहीर उथळ आहे म्हणून कान सुरक्षित आहे, असे म्हणता येत नाही.

व्हाल्साल्वाच्या युक्तीची दुसरी मर्यादा फुप्फुसाची. ६ लिटर हवा घेऊन निघालेल्याच्या छातीत ३० मीटरवर दीड लिटर उरते. पूर्ण श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राहणारी हवा साधारण एवढीच असते. आता छातीने ढकलायचे काय? शिवाय डोके खाली, पाय वर. अशा स्थितीत हवा छातीकडे चढते, कानाकडे जात नाही. म्हणून अनुभवी लोक हर्मान फ्रेंझेल या जर्मन कर्णतज्ज्ञाच्या नावाची युक्ती वापरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांच्या वैमानिकांसाठी ती उपयोगात आली. तिच्यात कंठद्वार मिटून छाती बाजूला ठेवायची. तोंडातील आणि घशातील थोड्याशा हवेवर जीभ दट्ट्यासारखी चालवायची. दाब अगदी थोडा लागतो आणि तो कवटीकडे जात नाही. तिसरी युक्ती लंडनच्या जोसेफ टॉयन्बीची, एकोणिसाव्या शतकातली : नाक दाबून आवंढा गिळणे. ती सौम्य खरी, पण गिळण्याने नाकामागील दाब शेवटी कमी होतो, त्यामुळे भरभर खाली जाणाऱ्याला ती पुरत नाही.

माझा या पुस्तकांवरील मुख्य आक्षेप असा. सोपी म्हणून व्हाल्साल्वा आधी आणि अवघड म्हणून फ्रेंझेल नंतर, हा क्रम त्या बहुधा लावतात. परिणामी शिकाऊ आधी जोर लावायला शिकतो आणि पुढे ती सवय मोडण्यात त्याचे महिने जातात. अवघडपणाचे एक कारण भाषेत आहे. जिभेची जागा सांगण्यासाठी इंग्रजी पुस्तके 'टी' आणि 'के' ही अक्षरे म्हणायला सांगतात. इंग्रजी 'टी' आपल्या 'त'सारखा नाही आणि 'ट'सारखाही नाही.

याउलट आपल्या विद्यार्थ्याला मुखाचा नकाशा शाळेपासून ओळखीचा असतो : कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. 'त'च्या जागी जीभ टेकवली की पुढचे दार बंद. जिभेचा मागचा भाग 'क'च्या दिशेने सरकवला की दट्ट्या चालला. टाळूचा मऊ पडदा खाली आणून नाकाची वाट मोकळी करणे शिकाऊंना फार जड जाते. पण 'ब' म्हणता म्हणता 'म' म्हणा. या दोहोंत ओठ तेच, बदलतो तो हा मऊ पडदाच. अनुनासिक म्हणजे दुसरे काय? आणि कंठद्वार मिटणे म्हणजे खोकण्यापूर्वी श्वास क्षणभर अडतो ती अवस्था. व्याकरणाच्या तासाला शिकवलेली ही माहिती शरीरशास्त्राची आहे, हे आपण मुलांना सांगतच नाही.

साहसकथांची बाजू

या विषयाच्या साहसकथांत ग्रीसच्या योर्गिओस हाजी स्टाटीचे नाव नेहमी येते. १९१३ साली कार्पाथोस बेटाजवळ इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर त्याने ७० मीटरहून अधिक खोल बुडी घेऊन शोधला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या एका कानाचा पडदा नाहीसा आणि दुसऱ्याचा फाटलेला आढळला, ही गोष्ट मात्र कौतुकाच्या ओघात मागे पडते. स्पंज काढून पोट भरणाऱ्या त्या माणसाने आपल्या कानांनी त्या खोलीची किंमत दिली होती. पडदा फाटला की दुखत नाही, हा काही शिकण्याजोगा उपाय नव्हे.

आपल्याकडेही पाण्यात उतरणारे सगळे हौशी नसतात. अकोला जिल्ह्यातील पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकासारखे स्वयंसेवक बुडालेल्यांच्या शोधासाठी नद्या, धरणे, विहिरी धुंडाळतात. गावोगावचे पट्टीचे पोहणारेही अशा वेळी धावून जातात. त्यांच्यासाठी कान मोकळे करण्याचे शास्त्र हा छंदाचा भाग नाही.

वर्गात काय करता येईल?

चिखलदऱ्याची सहल अनेक शाळा काढतात. वर पोचल्यावर १ लिटरची पातळ प्लास्टिकची बाटली रिकामी करून घट्ट बूच लावावे आणि परतवाड्याला येईपर्यंत तिच्याकडे पाहत राहावे. ती चेपत जाईल. गणिताने ही घट ८ टक्क्यांच्या जवळपास येते. खालची हवा उबदार असल्याने प्रत्यक्षात ती थोडी कमी भरेल. हा फरक का, हे मुलांनाच शोधू द्यावे. त्याच प्रवासात प्रत्येकाने आपण किती वेळा आवंढा गिळला आणि कान केव्हा सुटले, याची नोंद करावी. बॉईलचा नियम आणि कानाची आकृती त्या दिवशी एकाच वहीत येतील.

जिभेच्या हालचालींचा सराव वर्गात, कोरड्या जागी आणि हलक्या हाताने करता येतो. पाण्यात मात्र जाणकार सोबत असल्याशिवाय नाही. सर्दी-पडसे असताना बुडी नाही. कान दुखला तर जोर लावायचा नाही, हातभर वर यायचे आणि तरीही सुटला नाही तर बुडी संपली असे समजायचे. बुडीपूर्वी भराभर श्वास घेण्याची सवयही मोडली पाहिजे. त्याने शरीरातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते आणि त्याआधीच पाण्यात शुद्ध हरपू शकते.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे (स्थापना १९१४) शरीर कमावण्याची आणि शिकवण्याची परंपरा वऱ्हाडाला आहे. विहिरी आहेत, पोहणारी मुले आहेत, शाळेत बॉईलचा नियमही आहे. यांना जोडणारे एक वाक्य शिक्षकाने उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी सांगावे : कान दुखण्याआधी मोकळा करायचा असतो, आणि दुखला तर फुंकायचे नसते, वर यायचे असते. आमच्या वेळी हे कोणी सांगितले असते, तर एक कान वाचला असता.