सम-विषम वाटणी

आधुनिक चित्रकलेचा इतिहास आपण चित्रकारांच्या चरित्रांतून आणि समीक्षकांच्या लेखांतून वाचत आलो. पण कुठलं चित्र संग्रहालयात गेलं आणि कोणत्या अटींवर गेलं, याची उत्तरं पुष्कळदा चित्रविक्रेत्यांच्या पत्रव्यवहारात सापडतात. कलासमीक्षेनं या पत्रांकडे केवळ हिशेबाचे कागद म्हणून पाहिलं, ही तिची मोठी उणीव आहे.

संग्रहालयांना नवं चित्र पाहायला शिकवण्यात विक्रेत्यांचा वाटा मोठा. संचालक ह्यूगो फॉन चूडी यांनी 1896 मध्ये बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी फ्रेंच चित्रकार माने यांचं चित्र घेतलं, ते पॅरिसच्या द्युराँ-र्‍युएलकडून. अशा फ्रेंच खरेद्या कैसरच्या डोळ्यांत खुपत राहिल्या आणि 1909 मध्ये चूडींना बर्लिन सोडावं लागलं. पिकासोचं ‘ले देम्वाझेल दाव्हिन्यों’ 1937 मध्ये सेलिगमन गॅलरीकडे आलं आणि दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पोचलं. त्यासाठी म्युझियमनं देगाचं एक चित्र हातचं सोडलं.

सगळ्यांत बोलकं उदाहरण एडिथ हॅल्पर्टचं. 1926 मध्ये तिनं न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या डाउनटाउन गॅलरीची कागदपत्रं आज स्मिथसोनियनच्या अभिलेखागारात आहेत. डिसेंबर 1941 मध्ये तिनं जेकब लॉरेन्सची स्थलांतर-मालिका मांडली. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांची कथा सांगणारी ही साठ चित्रं. तेविशीतल्या लॉरेन्सनं ती एकत्रच रंगवली होती: एक रंग कालवायचा, तो साठही फलकांवर जिथे हवा तिथे लावायचा, मग दुसरा घ्यायचा. म्हणून साठ फलक मिळून एकच चित्र होतं.

1942 मध्ये त्याची वाटणी झाली. विषम क्रमांकाची तीस चित्रं वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहाला गेली, सम क्रमांकाची तीस म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला, तीस चित्रांचा प्रत्येक संच 1,000 डॉलरना. पहिल्या फलकात रेल्वे स्थानकाच्या दारांशी माणसांची झुंबड आहे, साठाव्यात फलाटावर उभी गर्दी. प्रवासाची सुरुवात एका शहरात आणि शेवट दुसऱ्यात! कथेचा धागा तुटला, हे नुकसान मान्य करायलाच हवं. पण साठ घरांच्या साठ दिवाणखान्यांत पांगली असती, तर 2015 मध्ये ती मालिका न्यूयॉर्कला पुन्हा सलग पाहायला मिळणं फार अवघड झालं असतं. व्यवहारानं कलाकृती दुभंगली आणि व्यवहारानंच ती लोकांसाठी राखली. समीक्षेनं या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायला हव्यात.

म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या तीस फलकांसोबत आज ते घेण्यासाठी पैसे देणाऱ्या देणगीदार बाईंचं नाव लागतं. ते रास्तच आहे. त्याच ओळीत हॅल्पर्टचंही नाव यावं. चित्र कोणी रंगवलं आणि पैसे कोणी दिले, याच्याइतकंच ते लोकांपर्यंत कोणी पोचवलं हेही प्रेक्षकाला कळलं पाहिजे.