बाहिय दारुचीरियाची कथा : ‘खिप्पाभिञ्ञा’ या कल्पनेचा पुनर्विचार

१

सामान्य बुद्धीच्या माणसाला अकस्मात असामान्य ज्ञान प्राप्त व्हावे, हा भारतीय कथावाङ्मयातील एक जुना आणि लोकप्रिय विषय आहे. ‘कथासरित्सागरा’तील पाणिनी हा वर्ष नावाच्या आचार्यांचा मंदबुद्धी शिष्य आहे, तो तपश्चर्येला जातो आणि शंकराच्या प्रसादाने नवे व्याकरण घेऊन परत येतो. कालिदासाविषयीच्या दंतकथेत एका अडाण्यावर देवीची कृपा होते आणि तो कविकुलगुरू ठरतो. पैठणच्या आख्यायिकेत तर ज्ञानदेवांच्या स्पर्शाने रेड्याच्याच मुखातून वेद प्रकटतात. तपशील भिन्न असले तरी या सर्व कथांची घडण एकच आहे : प्रथम अभाव, मग कृपा आणि शेवटी लाभ. ज्याच्याजवळ काही नव्हते त्याला काहीतरी मिळते, आणि ते मिळाल्याचा पुरावा लोकांना डोळ्यांनी पाहता व कानांनी ऐकता येतो.

पालि वाङ्मयातील बाहिय दारुचीरियाची कथाही सामान्यतः याच मालिकेत बसविली जाते. एक व्यापारी जहाज फुटल्यामुळे सोपाऱ्याच्या किनाऱ्याला लागतो आणि पुढे श्रावस्तीच्या रस्त्यावर बुद्धाचे चार शब्द ऐकून क्षणार्धात अर्हत्पदाला पोचतो, एवढा सारांश सांगितला की ही कथाही अकस्मात लाभाचीच वाटते. परंतु मूळ पाठाची शब्दयोजना बारकाईने तपासली असता हे वर्गीकरण टिकत नाही. ते का टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

कथेचा पूर्वार्ध जेथे घडतो ते ‘सुप्पारक’ म्हणजे संस्कृत ग्रंथांतील शूर्पारक, पालघर जिल्ह्यातील वसई-विरार महानगराच्या हद्दीतले आजचे नालासोपारा. ‘सुप्पारक’ या रूपातील जोडव्यंजनापूर्वीच्या उकाराचा ओकार होऊन आणि अंत्य ककाराचा लोप होऊन ‘सोपारा’ हे नाव सिद्ध झाले, असे म्हणण्यास ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने अडचण नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत याची गणना आहे. येथे सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आणि १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे मिळालेला नवव्या लेखाचा तुकडा यांवरून मौर्यकालातील या स्थळाचे महत्त्व सिद्ध होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा ते टेकाड म्हणजे स्तूप असल्याचे निष्पन्न झाले. त्याच्या पोटात दगडी पेटी, करंडक, बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले.

या स्थलवर्णनाचा कथेशी असलेला संबंध केवळ भौगोलिक नाही. सोपारा हे बंदर होते. परक्या माणसाचे येणे हा तेथील नित्याचा व्यवहार होता. समुद्रातून उघडावाघडा बाहेर पडलेला माणूस कोण, कोठला, याची चौकशी करण्याचे साधन तेथील लोकांजवळ नव्हते. त्याच्या बाह्य रूपावरूनच त्याची किंमत ठरविणे भाग होते. कथेतील पहिला अनर्थ या ठिकाणी उद्भवतो.

३

कथेची जुनी संहिता ‘उदान’ या ग्रंथाच्या पहिल्या वर्गातील दहाव्या सुत्तात आहे. तिच्यात जहाजाचा उल्लेख नाही. सोपाऱ्याच्या समुद्रकाठी राहणारा बाहिय लोकांच्या मानसन्मानास पात्र झाला होता आणि त्याला निर्वाहाच्या वस्तू विपुल मिळत होत्या, एवढ्यावर ती सुरू होते. एके दिवशी एकांतात त्याच्या मनात येते की जगात जे कोणी अर्हत् आहेत अथवा त्या मार्गावर आहेत, त्यांतलाच आपण एक असू. पूर्वी त्याची नातलग असलेली एक देवता त्याला स्पष्ट सांगते की तो अर्हत् नाही आणि त्या मार्गावरही नाही. खरा अर्हत् उत्तरेकडे श्रावस्तीत आहे. बाहिय तत्काळ निघतो. श्रावस्तीत बुद्ध भिक्षेसाठी नगरात गेलेले असतात. बाहिय त्यांना रस्त्यात गाठतो आणि उपदेश मागतो. ही वेळ नव्हे, असे उत्तर दोनदा मिळते. तिसऱ्या विनंतीनंतर बुद्ध त्याला अत्यंत संक्षिप्त उपदेश करतात. दृष्ट, श्रुत, अनुभूत आणि विज्ञात या चार प्रकारच्या ज्ञानविषयांना आपल्या पदरचे काहीही जोडू नये, हे त्याचे तात्पर्य. बाहियाचे चित्त तेथेच मुक्त होते. थोड्याच वेळात लहान वासराची गाय त्याला मारून टाकते. बुद्ध त्याच्या देहाचे दहन करवून त्यावर स्तूप उभारण्यास सांगतात.

‘अंगुत्तरनिकाया’त निरनिराळ्या गुणांत अग्रगण्य असलेल्या शिष्यांची यादी आहे. तिच्यात ‘खिप्पाभिञ्ञ’ म्हणजे ‘क्षिप्र-अभिज्ञ’ शिष्यांत बाहियाला पहिले स्थान दिले आहे. कथेचा अर्थ या विशेषणाभोवती फिरत असल्याने प्रथम त्याचाच विचार करणे योग्य होईल.

४

‘अभिञ्ञा’ हा शब्द पालिमध्ये दोन अर्थांनी येतो. त्याचा पारिभाषिक अर्थ षडभिज्ञांचा आहे : नानाविध ऋद्धी, दिव्यश्रोत्र, परचित्तज्ञान, पूर्वजन्मस्मरण, दिव्यचक्षू आणि आस्रवक्षय. यांपैकी पहिल्या पाच उघडउघड अलौकिक मानसिक शक्ती आहेत. बाहियाच्या विशेषणात हा अर्थ घेतला, तर तो ‘झटपट सिद्धी मिळविणारा’ ठरतो आणि कथा पाणिनी-कालिदासांच्या पंक्तीला जाऊन बसते.

परंतु ‘अंगुत्तरनिकाया’तच ‘खिप्पाभिञ्ञा’ हा शब्द ज्या विरोधी पदासह योजला आहे, त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. तेथे साधनामार्गाचे चार प्रकार सांगितले आहेत. मार्ग दुःखद अथवा सुखद असू शकतो. आणि या दोहोंत आकलन ‘दन्ध’ म्हणजे मंद अथवा ‘खिप्प’ म्हणजे शीघ्र असू शकते. शब्दाचा अर्थ त्याच्या विरोधी पदाने मर्यादित होतो, हे अर्थविचाराचे साधे तत्त्व आहे. ‘दन्धाभिञ्ञा’ म्हणजे मंद सिद्धी नव्हे, मंद आकलन. म्हणून ‘खिप्पाभिञ्ञा’ म्हणजे शीघ्र आकलन. उदानातील कथाही हेच सांगते, कारण मुक्तीनंतर बाहिय काहीच करून दाखवीत नाही. तो आकाशात उडत नाही, पूर्वजन्म सांगत नाही, एक वाक्यही बोलत नाही.

याच परंपरेतील चुल्लपन्थकाची कथा तुलनेसाठी घेतल्यास फरक स्पष्ट होतो. चार महिन्यांत एक गाथा पाठ न करू शकणारा हा भिक्षू हातातील स्वच्छ वस्त्र मळताना पाहून ज्ञानी होतो. पण अट्ठकथाकार तेथे थांबत नाहीत. चुल्लपन्थक लगेच स्वतःसारखे हजार भिक्षू निर्माण करून आपल्या ज्ञानाचा जाहीर पुरावा देतो. सोपाऱ्याशीच निगडित असलेले ‘दिव्यावदाना’तील पूर्णाचे आख्यानही चमत्कारांनी भरलेले आहे. बाहियाच्या मूळ कथेत असा पुरावा नाही, आणि ती उणीव नसून तोच तिचा आशय आहे.

५

हा आशय कथेच्या व्याकरणात दिसतो. सोपाऱ्यातील बाहियाचे वर्णन करताना ‘लाभी’, म्हणजे लाभ असलेला, हा शब्द योजला आहे. श्रावस्तीतील निर्णायक वाक्यात मात्र बाहिय हा कोणत्याही प्राप्तिवाचक क्रियापदाचा कर्ता नाही. तेथे कर्ता चित्त आहे. क्रियापद ‘विमुच्चि’, म्हणजे सुटले, हे आहे. ‘आसवेहि’ ही कशापासून सुटले ते दाखविणारी पंचमी आहे. आणि ‘अनुपादाय’ हे काहीही न धरता अशा अर्थाचे नकारात्मक अव्यय आहे. तात्पर्य, लाभाची भाषा सोपाऱ्याला आणि सुटण्याची भाषा श्रावस्तीला, अशी वाटणी संहितेने केली आहे. पाणिनीला व्याकरण मिळते. बाहियाचे मात्र काहीतरी गळून पडते.

यावर एक आक्षेप संभवतो. मानसन्मान आणि लाभ यांचे हे वर्णन पालि ग्रंथांत अनेक ठिकाणी जसेच्या तसे येते; तो ठराविक साचा आहे. त्या साच्यात ‘चीवर’ हा लाभही आहे, आणि तो ज्याच्या नावातच लाकडी सालीचे वस्त्र आहे त्याला फारसा शोभत नाही. तेव्हा अशा वाक्याच्या एकेका शब्दावर भार देणे धोक्याचे आहे. आक्षेप रास्त आहे. केवळ ‘लाभी’ या शब्दावर निष्कर्ष उभारता येणार नाही.

परंतु दुसरा पुरावा साच्याबाहेरचा आहे. श्रावस्तीत चित्त मुक्त झाले ते ‘तावदेव’, म्हणजे त्याच क्षणी, असे संहिता म्हणते; आणि देवतेचे बोलणे ऐकून बाहिय सोपाऱ्याहून निघाला तोही ‘तावदेव’. कथेत हा शब्द दोन निर्णायक जागी आला आहे. वाचकांचे लक्ष बहुधा दुसऱ्या जागेकडे जाते, कारण तेथे बुद्ध आहेत आणि मुक्ती आहे. पण पहिली जागा अधिक अवघड आहे. आपण अर्हत् नाही हे ऐकल्यावर बाहिय वाद घालीत नाही, पुरावा मागत नाही, उद्यावर ढकलीत नाही. ज्या गावाने त्याला मोठे केले ते गाव तो तत्क्षणी सोडतो. त्याची ‘खिप्पाभिञ्ञा’ श्रावस्तीत फळाला आली असली, तरी तिचे पहिले दर्शन सोपाऱ्यातच घडले आहे.

६

अट्ठकथांनी या कथेचे काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. प्रवासाच्या वर्णनात ‘सब्बत्थ एकरत्तिपरिवासेन’ असे शब्द आहेत. ‘सब्बत्थ’ म्हणजे सर्वत्र. तेव्हा प्रत्येक मुक्कामी एकच रात्र राहून, हा सरळ अर्थ. धम्मपदाच्या अट्ठकथेत मात्र बाहिय एकशे वीस योजनांची वाट एकाच रात्रीत पार करतो. सोपारा ते श्रावस्ती हे अंतर सरळ रेषेतच सुमारे १३०० किलोमीटर भरते. रोज २५ किलोमीटर चालणाऱ्याला पन्नासांहून अधिक दिवस लागतील. सरळ अर्थाने हा दीर्घ, थकविणारा आणि कोठेही न रेंगाळणारा प्रवास आहे. अट्ठकथेच्या अर्थाने तो चमत्कार होतो, आणि चमत्कार होताच माणसाच्या निश्चयाचा भाग कथेतून वजा होतो.

दुसरी भर पूर्वजन्माची आहे. काश्यप बुद्धाच्या काळी सात भिक्षू शिडीने डोंगरावर चढले, शिडी ढकलून दिली आणि मरेपर्यंत साधना केली. त्यांतील ज्यांना सिद्धी लाभली नाही त्यांपैकी एक म्हणजे बाहिय, असे अट्ठकथा सांगते. मारणाऱ्या गाईलाही पूर्ववैराची कथा जोडली आहे. आकस्मिक घटना कारणाशिवाय राहू द्यावयाची नाही, हा या सर्व रचनेमागील हेतू आहे. तो तर्कदृष्ट्या समजण्याजोगा आहे. अकस्मात आलेल्या ज्ञानामागे दीर्घ पूर्वतयारी असलीच पाहिजे, असे मानल्याशिवाय साधनेच्या शिकवणुकीला अर्थ उरत नाही. पुढे चीन आणि तिबेटमध्ये आकस्मिक व क्रमिक बोधाविषयी जे मोठे वाद झाले, त्यांच्या मुळाशी हीच अडचण होती.

तथापि अट्ठकथेला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. जहाज फुटण्याचा प्रसंग तिच्यात आहे. लोकांनी वस्त्र देऊ केले तेव्हा ते घेतल्यास आपला मान कमी होईल या भीतीने बाहियाने ते नाकारले, हा तपशीलही तिचाच. दांभिकपणा कसा हळूहळू अंगात मुरतो याचे इतके नेमके निदान मूळ कथेतही नाही. बुद्धांनी दोनदा नकार का दिला याचे तिने दिलेले कारणही मार्मिक आहे : दर्शनाच्या आनंदाने बाहियाचे मन इतके उचंबळले होते की ते स्थिर झाल्याखेरीज त्याला काही कळणे शक्य नव्हते. जेथे अट्ठकथा माणसाच्या मनाकडे पाहते तेथे ती कथेला समृद्ध करते. जेथे ती कथेतील मोकळ्या जागा बुजवू पाहते तेथे कथा कमी होते.

७

आधुनिक मानसशास्त्रातही अकस्मात प्रकटणाऱ्या बुद्धिसामर्थ्याचा अभ्यास झाला आहे. मेंदूला इजा झाल्यानंतर पूर्वी नसलेले संगीत, चित्रकला अथवा गणनेचे कौशल्य दिसू लागल्याची उदाहरणे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डॅरोल्ड ट्रेफर्ट यांनी संकलित केली. तेथेही प्रश्न हाच की हे सामर्थ्य नव्याने आले, की पूर्वीच असलेल्या सामर्थ्यावरचा अडसर दूर झाला. बाहियाच्या कथेचा या रोगविज्ञानाशी संबंध नाही, आणि तसा जोडण्याचा मोहही टाळला पाहिजे. पण ‘मिळणे’ आणि ‘सुटणे’ ही दोन भिन्न प्रारूपे आहेत आणि अकस्मात आलेल्या प्रत्येक ज्ञानाला पहिल्याच प्रारूपात कोंबणे अवश्य नाही, एवढे या साम्यावरून ध्यानात यावे.

बाहिय सामान्य होता, हे उदानाची कथा कोठेही नाकारीत नाही. त्याला अर्हत् ठरविणारे सोपाऱ्याचे लोकही वाईट नव्हते. त्यांनी एका निराधार माणसाला अन्न दिले आणि अन्नाबरोबर एक पदवीही दिली. अन्न त्याला हवे होते. पदवी त्याची नव्हती, आणि ती आपली नाही हे कळताच त्याने ती तेथेच ठेवली. श्रावस्तीच्या रस्त्यावर जे घडले ते विलक्षण खरे, पण त्याची अर्धी वाट सोपाऱ्याच्या किनाऱ्यावरच चालून झाली होती. ‘खिप्पाभिञ्ञा’ या शब्दाचा अर्थ लावताना हा किनारा विसरला, तर एक प्रामाणिक माणूस नाहीसा होतो आणि त्याच्या जागी आणखी एक सिद्धपुरुष उरतो. तसे सिद्धपुरुष कथावाङ्मयात पुष्कळ आहेत.