पडद्यावरचे वजन कोणाचे?

शिर्डीत राहणाऱ्या माणसाला एक बसणे रोज दिसते. दुकानादुकानांतून टांगलेल्या तसबिरींत साईबाबा शिळेवर बसलेले असतात, एक पाय दुसऱ्या पायावर टाकून. १९७७ साली ‘शिर्डी के साईबाबा’ हा हिंदी चित्रपट आला आणि सुधीर दळवी या मराठी नटाने ते बसणे पडद्यावर नेले. अंगात कफनी, डोक्याला फडके. ना दागिना, ना शस्त्र. तरी नजर त्यांच्यावरून हलत नाही. हा माणूस एवढा भारी का वाटतो, असे मी एकदा वडिलांना विचारले. माझे वडील चौथी शिकलेले, साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. ते म्हणाले, “तो बसलाय आन् बाकीचे उभे हायेत.”

अभिनयावर मी वाचलेल्या पुष्कळ पानांपेक्षा हे वाक्य मला उपयोगी पडले आहे. वडिलांना ते कुठून सुचले हेही मला ठाऊक आहे. आमचे घर महार वतनातले. माझे आजोबा पाटलासमोर पायावर पाय टाकून कधी बसले नाहीत. खरे तर बसलेच नाहीत. वतने कायद्याने गेली, पण गुडघ्यांची सवय पुढे कितीतरी वर्षे गेली नव्हती.

प्रस्थापित समीक्षा नटाच्या भारदस्तपणाचे मोजमाप आवाजात, उंचीत, डोळ्यांत करते. ‘व्यक्तिमत्त्वच तसे आहे’ असे म्हणून ती मोकळी होते. म्हणजे वजन हे जन्मजात! हा विचार नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नायकांचे चार प्रकार समाजातल्या स्थानानुसार वाटून दिले आहेत: देव धीरोद्धत, राजे धीरललित, सेनापती व अमात्य धीरोदात्त, ब्राह्मण व वणिक धीरप्रशांत. ‘धीर’ हा शब्द चारही ठिकाणी आहे. या वाटपात ज्यांना जागा नाही त्यांच्या वाट्याला धीरही नाही. सौंदर्यशास्त्रातली ही वर्णव्यवस्था पडद्यावरून गेली आहे काय, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या भागाला सर्वांत जवळचा चित्रपट म्हणजे ‘सामना’ (१९७५). लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. साखर कारखान्याच्या जोरावर मोठा झालेला हिंदुराव धोंडे पाटील, त्याच्या राज्यात भटकत आलेला दारुडा मास्तर, आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले हा मास्तरचा प्रश्न. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर या पट्ट्यात चिमण्यांमागून चिमण्या उठल्या. त्यातून सुबत्ता आली, शाळा-महाविद्यालये आली. मी स्वतः त्यांचा लाभार्थी आहे. पण हिंदुराव आम्हांला ओळखावा लागला नाही.

हिंदुराव झालेले निळू फुले अंगाने किरकोळ होते. आवाज घोगरा, जरा ओढलेला. उंचीचे आणि खर्जाचे गणित इथे लागूच पडत नाही. मग दरारा येतो कुठून? ते हळू बोलतात म्हणून. हळू बोलणे ही सत्तेची चैन आहे, कारण समोरचा मध्येच बोलणार नाही याची तिला खात्री असते. आमच्या वस्तीतला माणूस कचेरीत भरभर बोलतो, वाक्य पुरे होण्याआधीच कोणी हाकलेल या धास्तीने. निळू फुले यांनी हे बारकाईने पाहिले होते. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळी म्हणून काम केले होते, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले होते. साहेब कसा चालतो हे साहेबाला कळत नाही. ते माळ्याला कळते. म्हणून त्यांचा पाटील नुसता रुबाबदार होत नाही. तो रुबाब कशावर उभा आहे हेही त्यात दिसते.

पण ज्याच्यावर सगळा चित्रपट उभा आहे तो मारुती कांबळे कुठे आहे? कांबळे हे आडनाव गावाच्या कोणत्या बाजूला सापडते हे आपल्या वाचकाला सांगायला नको. तो आठवणीत येतो, प्रश्नात येतो. पडद्यावरचे वजन मात्र पाटील आणि मास्तर या दोघांत वाटले गेले आहे. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांचा सामना अजोड आहे, यात शंका नाही. तरीही जो मेला त्याच्या वाट्याला उपस्थिती आली नाही. आपल्यासाठी प्रश्न विचारणाराही दुसराच होता.

त्याच जब्बार पटेलांनी पुढे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ केला. मामुट्टी या मल्याळी नटाला त्यातील भूमिकेसाठी १९९८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या भूमिकेत भारदस्तपणा सहज मिळण्यासारखा होता: सूट, चष्मा, ग्रंथ, आणि आधीच हात जोडलेला प्रेक्षक. मला मात्र मामुट्टी मोठे वाटतात ते तरुण बाबासाहेब अपमान गिळतात तिथे. तिथे समोर कोणी अदबीने उभे नाही, उलट सगळे दूर सरकत आहेत. तरी नट लहान होत नाही. डिसेंबर १९३९ मध्ये आमच्या शेजारच्या हरेगावला बाबासाहेबांच्या उपस्थितीत वतनदारांची परिषद झाली. माझे पणजोबा तिला चालत गेले होते, असे घरात सांगतात. भाषणातले त्यांना फारसे सांगता येत नसे. “साहेबाला बघितलं आन् पाठ सरळ झाली,” एवढेच ते म्हणत.

इथे मला भेद दिसतो. एका उपस्थितीपुढे आपण वाकतो, दुसऱ्या उपस्थितीपुढे ताठ होतो. दोन्हीकडे शांतता पसरते. पण पहिली भीतीची असते, दुसरी ऐकण्याची. समीक्षेने या दोन्हींना एकच नाव दिले आहे, ही तिची चूक आहे.

दुसऱ्या प्रकारची उपस्थिती मला सर्वांत स्पष्टपणे दिसली ती चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये. इथेही कांबळेच आहे, नारायण कांबळे. हा लोकशाहीर सुरुवातीला मुलांना शिकवतो, मग वस्तीतल्या मंचावर गातो, आणि तिथेच पकडला जातो. त्याच्या गाण्याने एका गटार सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते व्यवसायाने नट नव्हते. नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. या चित्रपटात कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि स्थिर असतो. चेहरा जवळ आणून नटाला मोठे करण्याची नेहमीची सोय तो वापरत नाही. न्यायालयात सगळी सत्ता समोरच्यांकडे आहे, पुढची तारीखही त्यांच्याच हातात. तरी नजर कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या दाढीच्या माणसाकडे जाते. तो विनवत नाही, ओरडत नाही, थकलेला आहे हे लपवतही नाही. हे तालमीत येत नाही. आयुष्यभर मोर्चात चाललेल्या आणि पोलीस ठाण्यांच्या बाकांवर बसलेल्या माणसाची ती बैठक आहे. मारुती कांबळे ते नारायण कांबळे, या अंतराला चाळीस वर्षे लागली.

‘कोर्ट’ आपल्याकडे प्रदर्शित झाला एप्रिल २०१५ मध्ये. पुढच्याच महिन्यात, माझ्या या गावात, लग्नासाठी आलेल्या एका तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, आणि त्यावरून त्याचा खून झाल्याची फिर्याद नोंदली गेली. तो परिचारकाचे शिक्षण घेत होता. म्हणून पडद्यावर कोणाचा आवाज ऐकू येतो ही निव्वळ कलेची चर्चा आहे, असे मला कोणी सांगू नये. आपला आवाज मोठ्याने वाजणे हेच इथे काहींना सहन होत नाही.

आता माझीही कबुली. विद्यार्थी असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला हवालदार केले गेले. “तुझ्यात वजन नाही” हे कारण. ते वाक्य मी बारा-तेरा वर्षे जपून ठेवले. आणि गेल्या वर्षी मीच नाटक बसवायला घेतले तेव्हा न्यायाधीशाची भूमिका उंच, भरल्या आवाजाच्या, मोठ्या वाड्यातल्या मुलाला देऊन टाकली. आमच्या वस्तीतली एक मुलगी मागे थांबली आणि म्हणाली, “सर, मला पुन्हा शिपाईच?” त्या ‘पुन्हा’ने मला झोप लागली नाही. शोषकाचा डोळा शिक्षणाबरोबर माझ्याही कपाळात बसला होता.

दुसऱ्या दिवशी भूमिका बदलल्या. बाकीच्यांना दोनच सूचना दिल्या: ती आली की उठायचे, आणि तिने कागद उघडेपर्यंत कोणी बोलायचे नाही. पहिले दोन दिवस सगळे उठले की तीही अर्धवट उठायची, खुर्चीच्या कडेवर टेकायची. तिसऱ्या दिवशी ती पूर्ण बसली. तिचा आवाज पहिल्याइतकाच बारीक होता; तो ऐकायला बाकीचे गप्प झाले होते.

आपल्या कलापथकांनी, शाळा-महाविद्यालयांतल्या मित्रांनी पुढच्या तालमीला एवढे पाहावे: कोण बसले आहे, कोण कोणासाठी थांबते आहे, आणि खुर्ची कोणाला अजून नुसती पुसायलाच दिली आहे.