उत्तर आहे, रीत कुठे आहे?

गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर असले तरी रीत लिहिलेली नसेल, तर आम्ही शिक्षक गुण कापतो. मुले कुरकुरतात. पण रीत पाहिल्याशिवाय उत्तर स्वतःचे की शेजाऱ्याचे, हे कळायचे कसे? जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविषयीचे सरकारी लेखन वाचताना हाच प्रश्न पडतो.

आपल्या राजापूर तालुक्यात माडबनला १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांचा बेत होता. पहिल्या दोहोंचा प्राथमिक करार डिसेंबर २०१० मध्ये झाला. जवळच्या साखरी नाटे गावातल्या मच्छीमारांचा सवाल साधा होता: गरम पाणी दर्यात सोडल्यावर मासळीचे काय? १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तिथला एक मच्छीमार मृत्युमुखी पडला.

या लेखनाचा वाचक कोण, ते पाहा. ‘प्रकल्प सुरक्षित आहे’ हे वाक्य मच्छीमारासाठी, आकडे आणि गृहीतके तज्ज्ञांसाठी! २००५च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की, सरकारने माहिती आपणहून आणि स्थानिक भाषेचा विचार करून द्यावी. उलट १९६२च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम १८ने माहिती रोखण्याची मुभा सरकारला दिली होती.

गुप्ततेला माझा सरसकट विरोध नाही. पहाऱ्याची व्यवस्था चव्हाट्यावर मांडू नये. तथापि, गुपित आणि हिशेब वेगळे करता येतात. २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने कुडनकुळमच्या अणुभट्ट्यांचा सुरक्षा अहवाल, रचनेची व्यापारी गुपिते वगळून, देण्याचा आदेश दिला होता. खुद्द फ्रान्समध्ये, जैतापूरसाठी ठरलेल्या जातीच्याच फ्लामांव्हिल येथील अणुभट्टीच्या पोलादातील दोष तिथल्या नियामक संस्थेने एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केला. त्याने फ्रान्सची सुरक्षा कोसळली नाही. पोलादाच्या चाचण्या मात्र वाढल्या.

दोष केवळ सरकारचा नाही. नाट्याच्या घटनेवर हळहळणाऱ्या आपल्यापैकी, माझ्यासह, कितीजणांनी पर्यावरण अहवाल उघडून पाहिला? सत्ता ही अमानत आहे असे आपण म्हणतो, पण अमानतीचा हिशेब मागायची सवय आपल्याला नाही. माहितीच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि चार ओळी नेटके मराठी. उर्दू शाळेतल्या आमच्या मुलांना पत्रलेखनात सहलीच्या परवानगीबरोबर हा अर्जही शिकवला पाहिजे.