ब्रेकपॅडची पाककृती

मराठी समीक्षकांनी कथा, कादंबरी, नवकविता अशा सगळ्यांचा समाचार घेतला. पण ‘घरच्या घरी करून पाहा’ या साहित्यप्रकाराकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. त्यातली सर्वांत महत्त्वाकांक्षी कृती म्हणजे ‘मोटारीचे मागचे ब्रेकपॅड घरी बदला’. मी बँकेत कारकून. बारीक अक्षरांतले वाचण्यात उमेदीची वर्षे गेली. तेव्हा या वाङ्मयाची समीक्षा करण्याचा अधिकार मला आहे, असे आपले मी धरून चालतो.

शैली पाककृतीची. साहित्य: जॅक, पाना, नवे पॅड. कृती: चाक काढा, कॅलिपर सोडवा, जुने पॅड काढा, नवे घाला. पण कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ची (१९७०) सर याला नाही. त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिले, कारण वाटी नि चमचा घरोघर असतो. इथे म्हणतात, बोल्ट ‘ठरलेल्या टॉर्कने’ आवळा! तो मोजणारा पाना आमच्या इंद्रलोकात हवा असेल, तर विरजण मागतात तसे चार बिल्डिंगी हिंडावे लागेल. खुद्द इंद्रानेसुद्धा रथ मातलीच्या हवाली केला होता. तो स्वतः चाकाशी झटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

पात्रचित्रण तर साफ फसले आहे. पुढचा नि मागचा ब्रेक म्हणजे जुळे भाऊच, असे लिहिणारा समजतो. वास्तविक ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचे ब्रेक करतात. मागचा ब्रेक म्हणजे मागच्या टेबलावरचा कारकून. काम कमी दिसते, पण हँडब्रेकचा ‘ॲडिशनल चार्ज’ त्याच्याकडेच! म्हणूनच पुष्कळ गाड्यांत मागचा पिस्टन नुसता दाबून चालत नाही. फिरवत फिरवत आत घ्यावा लागतो. बळजबरी केलीत तर आतली यंत्रणा कामातून जाते. हँडब्रेक बटणावरचा असेल तर त्याची मोटर आधी मागे घ्यावी लागते. आमचे लेखक मात्र ‘पिस्टन आत ढकला’ म्हणून मोकळे. शिवाय १९८३ साली आलेल्या मारुती ८००सारख्या कित्येक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतो. त्यात पॅड नसतातच, ब्रेक शू असतात. म्हणजे ते मालक नसलेल्या खात्यात पैसे भरायला निघालेले!

शेवट काय, तर ‘काढले त्याच्या उलट क्रमाने बसवा.’ या न्यायाने तळलेल्या चकल्यांचे पुन्हा पीठ करून दाखवा म्हणावे. आणि ज्यात सगळा जीव आहे ते वाक्य तळटीपेत: गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे सरकलेला असल्याने पहिल्या दाबाला पेडल थेट तळ गाठू शकते. तळटीप न वाचणाऱ्याला ही गोष्ट सोसायटीच्या फाटकाशी कळते; वॉचमनला तर त्याच्या आधी.

माझा खरा आक्षेप विनोदाचा नाही. भाजी बिघडली तर दह्याबरोबर खपते. इंद्रलोकातून ठाण्याला जाताना घोडबंदर रोडवर गायमुखचा घाट लागतो, तिथे दही उपयोगी पडत नाही. मागच्या सीटवर आई असते, पोरे असतात. बँकेत व्हाउचर लिहिणारा एक नि तपासणारा दुसरा, ते काही कारकून चोर असतो म्हणून नव्हे. आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून. या वाङ्मयात तो दुसरा माणूसच नाही. ‘मेकॅनिकचे पैसे वाचवा’ म्हणताना वाचते ती मजुरी, पण जाते ती हीच नजर. नट-बोल्ट घरी जरूर खोलावेत, हात काळे झाल्याने कुणाची इभ्रत जात नाही. मात्र रस्त्यावर निघण्याआधी जाणत्याला दाखवावे.

तेव्हा पुढच्या आवृत्तीत शेवटी दोन सह्यांची जागा ठेवावी: एक बदलणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. पहिली शाईची असली तरी चालेल. दुसरी मात्र ग्रीस लागलेल्या अंगठ्याचीच हवी.