आडनांवांची ‘शुद्धि’ आणि कागदांची साक्ष

कुलवृत्तान्त लिहिण्याची आवड महाराष्ट्रांत जुनी आहे व ती अद्याप ओसरलेली नाहीं. वेळोवेळीं कोणत्या ना कोणत्या कुळाचा वृत्तान्त छापून निघतो आणि त्याच्या आरंभीं आडनांवाच्या व्युत्पत्तीचें एक प्रकरण असतें. असे ग्रंथ आम्हीं पुष्कळ वर्षें आस्थेनें वाचीत आलों आहों. त्यांतील वंशावळींचें, सनदांच्या नकलांचें आणि क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांतून मिळविलेल्या माहितीचें मोल मोठें आहे. व्युत्पत्तीचें प्रकरण मात्र बहुधा एकाच साच्याचें आढळतें. आडनांवाचें आजचें रूप घ्यावयाचें, त्याच्याशीं ध्वनीनें मिळणारा संस्कृत शब्द कोशांतून काढावयाचा, आणि दोहोंच्या मध्यें कुळाचें माहात्म्य भरावयाचें. याहून गंभीर असा दुसरा दोष आहे. जुन्या कागदांत आडनांवाचें निराळें रूप आढळलें, तर ती लेखकाची चूक समजून संपादक तें मुकाट्यानें ‘शुद्ध’ करितात. पहिल्या दोषानें खोटी माहिती वाढते. दुसऱ्यानें खरा पुरावा नष्ट होतो. प्रस्तुत टीका मुख्यतः या दुसऱ्या दोषावर आहे.

प्रथम लिपीचा विचार करूं. आपले बहुतेक ऐतिहासिक कागद मोडींत आहेत. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. अनुस्वार पुष्कळदां गाळलेला असतो. शब्द तोडून लिहिण्याचीही चाल नाहीं. ओळ आधीं ओढावयाची आणि अक्षरें तिच्याखालीं सलग लिहीत जावयाचीं. अर्थात् बालबोध प्रतींत जें ऱ्हस्वदीर्घ दिसतें तें मूळ लेखकाचें नव्हे, उतरवून घेणाराचें. शृंगारपूरच्या सुर्व्यांचें उदाहरण घ्या. हें आडनांव ‘सूर्य’ शब्दावरून आलें असें मानणाऱ्या एखाद्या संपादकानें मोडी कागद उतरवितांना ‘सूर्वे’ असा दीर्घ ऊकार घातला, असें समजा. पुढें दुसरा लेखक तीच छापील प्रत हातीं घेऊन म्हणेल कीं जुन्या कागदांतही दीर्घ ऊकार आहे, तस्मात् सूर्य हेंच मूळ! सिद्धान्तानें पुरावा घडवावयाचा आणि त्याच पुराव्यानें सिद्धान्त ठरवावयाचा, यास आपल्या शास्त्रकारांनीं अन्योन्याश्रय दोष म्हटलें आहे. सुर्वे आणि सूर्य यांचा संबंध असेल वा नसेल. मोडींतील उकार त्याचा साक्षीदार होऊं शकत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, पुष्कळ कागदांत आडनांव मुळींच नसतें. बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव, बाळाजी जनार्दन या तीन पुरुषांस ओळखावयाचें तें बापाच्या नांवानें. पहिले दोघे श्रीवर्धनच्या भट कुळांतले. १७१३ सालीं पेशवाई घरांत आल्यावर हुद्द्याचें नांव कुळास चिकटलें आणि भट हें आडनांव मागें पडलें. तिसरे भानु कुळांतले. पण जग त्यांस नाना फडणवीस म्हणून ओळखतें. रामचंद्र नीळकंठ अमात्यांचे वंशज बावड्यावरून बावडेकर झाले. याप्रमाणें एकाच घराण्याच्या मागें काळाच्या ओघांत दोन दोन आडनांवें लागलेलीं असतां, संपादक सर्व पिढ्यांस शेवटचेंच लावितात. सूचींत सोयीसाठीं तसें केल्यास हरकत नाहीं. परंतु चौकटी कंस न करितां तें मूळ मजकुरांतच घातलें, तर तें आडनांव त्या सालीं प्रचारांत होतें असा खोटा दाखला तयार होतो, आणि पुढील संशोधक त्यावर इमारत उभारतो.

आतां हुद्द्यांवरून आलेल्या आडनांवांकडे वळूं. लेखनांतील फरक किती बोलका असतो हें येथें चांगलें दिसतें. फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यावरून फडणीस, चिटणीस, पारसनीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, वाकनीस, सुरनीस, जमेनीस हीं आडनांवें निघालीं. यांतील पहिल्या दोहोंतच ‘ण’ आहे. बाकींच्यांत ‘न’ कायम आहे. कारण उघड आहे. ड आणि ट या मूर्धन्य वर्णांच्या शेजारानें न चा ण झाला. पाणिनीय व्याकरण शिकलेल्यास येथें णत्वाचा नियम आठवल्याशिवाय राहत नाहीं. परंतु तो सरसकट लावूं गेल्यास फसगत होते. त्या नियमानें रेफापुढें ‘सुरणीस’ व्हावें आणि ‘कारखाणीस’ही व्हावें. रूढ रूपें तशीं झालीं नाहींत. मराठीचा कान मराठीच्या नियमानें चालला, आणि तो नियम आपणांस कळला तो केवळ लोकांनीं जसें म्हटलें तसें लिहून ठेविलें म्हणून. फडणीस हा शब्द ‘फर्दनवीस’ यापासून निघाला असें सामान्यतः सांगतात. मराठींत ‘फड’ शब्द स्वतंत्रपणें प्रचारांत असल्यामुळें त्याच्या ओढीनें ‘फर्द’ चें ‘फड’ झालें असावें, असें आम्हांस वाटतें. तें कसेंही असो; फर्दनवीस, फडणवीस, फडणीस या पायऱ्या आहेत. संपादकानें तिन्हींच्या जागीं एकच रूप छापलें कीं जिना मोडला.

कोणी म्हणेल कीं भाषाशुद्धि ही आपल्याकडील थोर परंपरा आहे. आहेच. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव आणि डबिराचा सुमंत झाला. राजव्यवहारकोशानें फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. परंतु तें शुद्धीकरण पुढील कारभारासाठीं होतें. मागील कागद खोडून त्यांत अमात्य व सचिव घालावे असें कोणीं सांगितलें नाहीं. आणि मुजुमदार, वाकनीस, सुरनीस, डबीर हीं आडनांवें तर आजही नांदत आहेत.

संस्कृतीकरणाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भोसले कुळाचें. संस्कृत ग्रंथकारांनीं भोसल्यांचें ‘भृशबल’ केलें. काव्यांत तें शोभतें. पण तें आडनांवाचें मूळ नव्हे, आडनांवाचें भाषांतर आहे. जुन्या लेखनांत ‘भोंसले’ असा अनुस्वार वारंवार आढळतो. १९६२ सालीं शासनानें मान्य केलेल्या लेखननियमांनीं न उच्चारलेल्या अनुस्वारांस रजा दिली, आणि नव्या पुस्तकांतून हा अनुस्वारही गेला. इंग्रजी लेखनांतील न मात्र अद्याप त्याची साक्ष देत आहे. ‘भृशबल’ शब्दांत नासिक्य वर्ण नाहीं. मग तो आला कोठून? पक्षाचा पंख आणि अश्रूचे आंसू होतांना जसा आगंतुक अनुस्वार आला, तसा येथेंही आला असेल असें उत्तर देतां येईल, आणि तें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु प्रश्न विचारतां आला तो अनुस्वार शिल्लक होता म्हणून. तो पुसला कीं प्रश्नही पुसला गेला.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य वाटतें. शब्दाची व्युत्पत्ति सिद्ध झाली म्हणजे वंशाची सिद्ध होत नाहीं. यादवाचा जाधव, चाहमानाचा चव्हाण, मौर्याचा मोरे होणें ध्वनिशास्त्रास धरून आहे. कोंकणांतील मौर्यांचा उल्लेख इ. स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखांत आहे. परंतु जावळी शिवरायांच्या हातीं आली ती १६५६ सालीं. मध्यें एक हजार वर्षें जातात. हजार वर्षांचें अंतर एका प्राकृत सूत्रानें ओलांडणें ही व्याकरणाची शक्ति नव्हे, व्याकरणाचा दुरुपयोग आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं स्थलनामें व व्यक्तिनामें यांच्या व्युत्पत्तींचा जो प्रचंड खटाटोप केला, त्यापुढें आम्ही नतमस्तक आहों. तथापि त्यांचे खरे ऋण गांवोगांव हिंडून जमविलेल्या कागदांचें आहे. त्यांच्या व्युत्पत्ति वादग्रस्त ठरल्या तरी कागद तसेच उभे आहेत.

याउलट ‘कर’ शेवटीं असलेलीं आडनांवें साधीं वाटतात, म्हणून त्यांजकडे कोणी पाहत नाहीं. पाणिनीनें चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत राहण्याच्या स्थानावरून आणि पूर्वजांच्या स्थानावरून माणसास नांव पडतें असें दोन लागोपाठच्या सूत्रांनीं वेगळालें सांगितलें आहे. आपलीं आडनांवें बहुतांशीं दुसऱ्या प्रकारचीं. वाईंत राहणाऱ्यास वाईचे लोक वाईकर म्हणत नाहींत. तो पुण्यास गेला म्हणजे वाईकर होतो. होळकरांचें होळ नीरेच्या कांठीं, राज्य इंदुरास. निंबाळकरांचें निंबळक मागें राहिलें आणि गादी फलटणास. म्हणजे ‘कर’ लागलेलें आडनांव कागदांत प्रथम कोणत्या सालीं येतें, हें स्थलांतराच्या काळाचें एक गमक आहे. संपादकानें तें मागच्या पिढ्यांसही लावलें, तर हें गमक हातचें जातें.

परभाषिकांच्या लेखनास आपण हंसतों. तेंही नेहमीं योग्य नव्हे. शिंद्यांचें ‘सिंधिया’ झालें, त्यावरून उद्यां कोणी सिंधु नदीचा कांठ शोधूं लागल्यास तें चूकच. परंतु गोव्यांतील पोर्तुगीज दफ्तरांत प्रभूचें ‘पोरोबो’, कामताचें ‘कामोतीं’, शेणव्याचें ‘सिनाय’ असें जें लेखन आहे, तें निव्वळ अज्ञान नाहीं. कोंकणींतील अकाराचा वाटोळा उच्चार परक्या लेखकाच्या कानानें पकडला आणि ‘ओ’ नें दाखविला. आमच्या पंडितानें तेथें ‘प्रभु’ लिहिलें असतें, आणि त्या काळचा उच्चार आपणांस त्यावरून कधींच कळला नसता.

येथें आमचाही एक अपराध नमूद करणें प्राप्त आहे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत शिक्षक असतां एक मुलगा नांव घालण्यास आला. बापानें आडनांव ‘वैद’ असें सांगितलें. आम्हांस संस्कृताचा अभिमान. ‘वैद’ हा ‘वैद्य’ शब्दाचा अपभ्रंश, असें त्या गृहस्थांस समजावून आम्हीं दाखलेवहींत ‘वैद्य’ लिहिलें. ते कांहीं बोलले नाहींत. पुष्कळ वर्षांनीं तोच मुलगा, आतां गृहस्थ झालेला, जुन्या कागदांचा एक रुमाल घेऊन आमच्याकडे आला. त्यांतील प्रत्येक कागदावर, आजोबांच्या सातबारावर देखील, ‘वैद’ असेंच होतें. आजोबा व नातू एकाच घरचे, हें सिद्ध करण्यासाठीं त्यास प्रतिज्ञापत्र करावें लागलें आणि राजपत्रांत जाहिरात द्यावी लागली. त्यानें आम्हांस दोष दिला नाहीं; ‘गुरुजी, एवढे कागद वाचून द्या’ इतकेंच म्हणाला. आम्हीं वाचून दिले. व्युत्पत्ति आमची बरोबर होती. आडनांव मात्र त्याचें होतें, आणि तें बदलण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. जें आम्हीं एका मुलाचें केलें, तेंच संपादक शेंकडों मृत पुरुषांचें करितात. ते रुमाल घेऊन परत येऊं शकत नाहींत, इतकाच भेद.

म्हणून संपादकांस आणि संग्राहकांस आमची त्रिविध विनंती आहे. आडनांव कागदांत जसें असेल तसेंच, चुकीचें भासलें तरी, छापावें. आपलें मत टीपेंत द्यावें. मोडी कागदाचें ऱ्हस्वदीर्घ आपण घातलें आहे, हें प्रस्तावनेंत स्पष्ट सांगावें. आतां छायाचित्र घेणें अवघड राहिलें नाहीं, तेव्हां शक्य तेथें तें सोबत द्यावें. आणि कुलवृत्तान्तकारांनीं व्युत्पत्तीच्या प्रकरणाऐवजीं एक साधी यादी द्यावी: आडनांवाचीं आढळलेलीं सर्व रूपें, प्रत्येकापुढें साल, गांव आणि कागदाचा प्रकार. अशा यादीस पांडित्य लागत नाहीं, चिकाटी लागते. तिच्यावरून व्युत्पत्ति कोणीही, केव्हांही करूं शकेल. परंतु वाळवीनें खाल्लेलें किंवा लेखणीनें सुधारलेलें अक्षर पुन्हां कोणास मिळणार नाहीं. इत्यलम्.